रेघा, चौकटी आणि रंग : स्प्रेडशीटबद्दल सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

सोलापुरातून या वेळी आलेल्या पत्रांत स्प्रेडशीटमधल्या चौकटी आणि रंगांविषयीचे प्रश्न इतके निघाले, की हे सदर पूर्णपणे त्यांनाच दिलं आहे. पायऱ्या संगणकावरच्या एक्सेलच्या आहेत. गूगल शीट्सबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे. सूत्रं इथे देवनागरीत छापली असली तरी टाइप करताना नावं, कॉलमची अक्षरं आणि आकडे सगळं इंग्रजी कळफलकावरूनच टाइप करायचं. 'मॉड' म्हणजे एम-ओ-डी, 'रो' म्हणजे आर-ओ-डब्ल्यू, याप्रमाणे.

प्रश्न : मार्केट यार्डात आमचं कांद्याचं आडत दुकान आहे. शेतकऱ्याला द्यायची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, आता एक्सेलमध्ये करतो. स्क्रीनवर सगळ्या रेघा दिसतात, कागदावर मात्र नुसते आकडे येतात. प्रिंटर बदलून पाहिला तरी तेच. काय करावं?
— दिवाणजी, मार्केट यार्ड

उत्तर : प्रिंटरचा काही दोष नाही. स्क्रीनवर दिसतात त्या फिकट करड्या रेघा म्हणजे 'ग्रिडलाइन्स'. त्या काम करताना सेल, म्हणजे तक्त्यातली घरं, ओळखू यावेत म्हणून असतात आणि सांगितल्याशिवाय कागदावर येत नाहीत. त्याच छापायच्या असतील तर 'पेज लेआउट' टॅबवर जा, 'शीट ऑप्शन्स' गटात 'ग्रिडलाइन्स'खालच्या 'प्रिंट'वर टिक करा. टिक करूनही आल्या नाहीत, तर 'पेज सेटअप'च्या 'शीट' टॅबमध्ये 'ड्राफ्ट क्वालिटी'वर टिक राहिली आहे का ते बघा; ती असली की ग्रिडलाइन्स गाळल्या जातात.

कच्च्या यादीला एवढं पुरेल. पट्टी मात्र शेतकऱ्याच्या हातात जाते आणि तो ती जपून ठेवतो. तिला खऱ्या 'बॉर्डर्स'च हव्यात. तक्ता निवडा, 'होम' टॅबवर 'फॉन्ट' गटातल्या चौकटीच्या चिन्हाशेजारचा बाण दाबा आणि 'ऑल बॉर्डर्स' घ्या. कळफलकावरून करायचं तर ऑल्ट, एच, बी, ए या कळा एकामागून एक दाबा. फक्त बाहेरची चौकट हवी असेल तर शेवटी ए ऐवजी एस.

पण पट्टीवर सरसकट 'ऑल बॉर्डर्स' टाकू नका असं आम्ही आग्रहाने सांगू. सगळीकडे सारख्याच काळ्या रेघा आल्या की गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई, मोटारभाडं, उचल आणि हातात येणारी रक्कम हे सगळं एकाच तोलाचं दिसतं. शेतकरी सर्वांत आधी शेवटचा आकडा शोधतो. म्हणून अशी मांडणी करा : मथळ्याच्या ओळीखाली मध्यम जाडीची काळी रेघ. मालाच्या ओळींमध्ये बारीक, फिकट करडी आडवी रेघ. उभ्या रेघा नकोत. जिथून वजावट सुरू होते तिथे वर एक बारीक काळी रेघ. निव्वळ देण्याच्या ओळीला वर एक आणि खाली दुहेरी रेघ, म्हणजे यादीतलं 'टॉप अँड डबल बॉटम बॉर्डर'. बेरजेखालची दुहेरी रेघ रोजमेळ लिहिणाऱ्याला सांगायला नकोच.

अशा वेगवेगळ्या रेघांसाठी कंट्रोल आणि १ दाबून 'फॉरमॅट सेल्स' उघडा आणि 'बॉर्डर' टॅबवर या. इथे क्रम चुकला की काम बिघडतं. आधी डावीकडे 'स्टाइल'मधून जाडी, मग 'कलर', आणि सर्वांत शेवटी उजवीकडच्या नमुन्यात जी कड हवी तिच्यावर क्लिक. बहुतेक जण आधी कडेवर क्लिक करतात, मग रंग निवडतात आणि 'रंग लागत नाही' म्हणतात. निवडलेला रंग पुढे ओढायच्या रेघेला लागतो, आधी ओढलेल्या रेघेला नाही. ती रेघ बदलायची तर तिच्यावर पुन्हा क्लिक करावं लागतं. नमुन्यात एखादी कड करडी, धूसर दिसली तर निवडलेल्या सेलमध्ये तिथे सारख्या रेघा नाहीत असं समजा. तिला हात लावला नाही तर ती आहे तशीच राहते.

दोन सेलमधली कड सामाईक असते आणि तिथे शेवटी ओढलेली रेघ दिसते. त्यामुळे आधी आतल्या बारीक रेघा, मग बाहेरची जाड चौकट. उलट केलंत तर जाड चौकट जागोजागी बारीक झालेली दिसेल. बेरजेवरची रेघही मालाच्या शेवटच्या ओळीची 'खालची कड' म्हणून न ओढता बेरजेच्या ओळीची 'वरची कड' म्हणून ओढा. बेरजेच्या वर नवी ओळ घातली की ती आपल्या वरच्या ओळीचं रूप घेते. रेघ मालाच्या ओळीला लागलेली असली तर नव्या ओळीलाही लागते आणि एकाच पट्टीत दोन बेरीज-रेघा होतात.

प्रिव्ह्यूमध्ये एखादी बारीक रेघ गायब दिसली तर लगेच दुरुस्तीला लागू नका. आधी झूम करून पाहा. लहान आकारात स्क्रीन ती दाखवत नाही, कागदावर ती असते.

प्रश्न : टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवण्याचं रजिस्टर ठेवतो. एकाआड एक ओळीला हाताने निळा रंग दिला होता आणि प्रत्येक पार्टीखाली जाड रेघ. पार्टीच्या नावाने सॉर्ट केलं आणि सगळा विचका झाला. शिवाय प्रिंटची झेरॉक्स काढली की निळ्या ओळी काळ्या पडतात.
— हिशेबनीस, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : विचका का झाला ते आधी बघू. सॉर्ट करताना सेलमध्ये भरलेला रंग मजकुराबरोबर हलतो, पण बॉर्डर हलत नाही. ती जागच्या जागी राहते. त्यामुळे निळ्या ओळी एकमेकींना चिकटल्या आणि जाड रेघा भलत्याच पार्टीच्या मधोमध आल्या. जो तक्ता सॉर्ट किंवा फिल्टर व्हायचा आहे त्यात रंग आणि रेघा हाताने द्यायच्याच नाहीत. नियम द्यायचा, तो नियम रेघ ओढेल.

सोपा मार्ग टेबलचा. आधी जुना हाताचा रंग पुसा : तक्ता निवडून रंगाच्या बादलीच्या यादीतून 'नो फिल'. पांढरा रंग देऊन पुसू नका. पांढरा हाही रंगच. तो ग्रिडलाइन्स झाकतो आणि टेबलच्या पट्ट्यांवरही बसतो. मग कंट्रोल आणि टी दाबा, 'माय टेबल हॅज हेडर्स'वर टिक ठेवा, ओके करा. 'टेबल डिझाइन'मध्ये 'बँडेड रोज' सुरू असलं की एकाआड एक पट्ट्या आपोआप येतात, सॉर्ट किंवा फिल्टर केल्यावर नव्याने लागतात आणि खाली नवी नोंद लिहिली की तिलाही मिळतात.

टेबल करायचं नसेल तर डेटा निवडा, 'होम', 'कंडिशनल फॉरमॅटिंग', 'न्यू रूल', आणि यादीतला शेवटचा, फॉर्म्युला वापरण्याचा प्रकार घ्या. सूत्र : =मॉड(रो(),२)=०. मग 'फॉरमॅट'मध्ये 'फिल'चा रंग. हे सॉर्टला टिकतं, फिल्टरला नाही, कारण ते ओळीचा मूळ क्रमांक बघतं आणि फिल्टरमध्ये मधल्या ओळी लपलेल्या असतात. त्यासाठी, नोंदी पाचव्या ओळीपासून सुरू होत असतील तर : =मॉड(सबटोटल(१०३,$बी$५:$बी५),२)=०. हे फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतं. अट एकच, बी कॉलम प्रत्येक नोंदीत भरलेला असला पाहिजे.

पार्टी बदलली की रेघ हवी, तर पार्टीचं नाव ए कॉलममध्ये आहे असं धरून नियम लिहा : =$ए५<>$ए४, आणि 'फॉरमॅट'च्या 'बॉर्डर' टॅबमध्ये वरची कड. डॉलरचं चिन्ह ए च्या आधीच हवं, ५ च्या आधी नको. ते विसरलं तर प्रत्येक कॉलम स्वतःची तुलना करतो आणि रेघ तुटक येते. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये जाड आणि दुहेरी रेघा मिळतच नाहीत, फक्त बारीक मिळतात. म्हणून गडद काळा रंग घ्या आणि बाकीच्या रेघा फिकट करड्या ठेवा. फरक पुरेसा दिसतो.

आता झेरॉक्स. काळापांढरा लेझर प्रिंटर निळा रंग बारीक ठिपक्यांनी छापतो. झेरॉक्समध्ये ते ठिपके फुगतात आणि देवनागरीच्या मात्रा, अनुस्वार त्यांत बुडतात. पट्ट्यांना 'व्हाइट, बॅकग्राउंड १' या कॉलममधला सर्वांत फिकट, ५ टक्क्यांचा करडा घ्या, मथळ्याला १५ टक्क्यांचा आणि अक्षरं ठळक काळी. स्क्रीनवरचे रंग ठेवायचेच असतील तर 'पेज सेटअप'च्या 'शीट' टॅबमध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट'वर टिक करा. छापताना भरलेले रंग गळतात, शीटमध्ये तसेच राहतात.

प्रश्न : शीटवर मध्येच एक तुटक उभी रेघ आली आहे. 'नो बॉर्डर' केलं तरी जात नाही.
— वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ती बॉर्डर नाही, पान कुठे संपतं त्याची खूण आहे. प्रिंट प्रिव्ह्यू एकदा पाहिला की ती दिसायला लागते. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' इथे या शीटच्या पर्यायांत 'शो पेज ब्रेक्स'ची टिक काढा. ती छापली जात नाही, त्यामुळे राहू दिली तरी चालेल. तुमचा शेवटचा कॉलम पुढच्या पानावर जातोय हे मात्र ती सांगते आहे.

प्रश्न : चादरीच्या जॅकार्ड डिझाइनचा ग्राफ कागदावर काढत होतो. एक्सेलमध्ये सेल रंगवून काढता येईल का? केला तर फूल आडवं पसरतं, आणि आठ-आठ घरांच्या जाड रेघा ओढता ओढता दिवस जातो.
— डिझाइनर, पूर्व भाग

उत्तर : नक्की येईल, आणि कागदापेक्षा चांगला येईल, कारण इथे घरं मोजताही येतात. ९६ ताणे (उभे धागे) आणि ९६ पिकं (आडवे धागे) यांचा ग्राफ धरून सांगतो.

फूल आडवं पसरतं कारण एक्सेलचे सेल मुळात चौरस नाहीत आणि कॉलमची रुंदी व ओळीची उंची वेगवेगळ्या मापांत मोजली जाते : रुंदी शून्य या आकड्याच्या रुंदीच्या हिशेबात, उंची पॉइंटमध्ये. त्यामुळे दोन्हीकडे सारखा आकडा घालून चौरस होत नाही. कॅलिब्री ११ फॉन्टमध्ये रुंदी २.१४ म्हणजे २० पिक्सेल आणि उंची १५ म्हणजेही २० पिक्सेल. कॉलमची कड माउसने ओढताना पिक्सेलचा आकडा शेजारी दिसतो, तोच बघून जुळवा.

पण चौरस घर तेव्हाच बरोबर, जेव्हा कापडात इंचाला ताणे आणि पिकं सारखी असतात. समजा इंचाला ६० ताणे आणि ४० पिकं आहेत. उभा कॉलम म्हणजे एक ताणा आणि आडवी ओळ म्हणजे एक पीक, तर घराची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण ४० ला ६०, म्हणजे २ ला ३ हवं. रुंदी २० पिक्सेल ठेवून उंची ३० पिक्सेल, म्हणजे २२.५ पॉइंट करा. मग स्क्रीनवर गोल दिसणारं फूल कापडावरही गोल येईल. चौरस घरांत गोल काढलं तर या कापडावर ते उभट येतं.

ग्राफ बी५ पासून सीएस१०० पर्यंत घ्या. ए कॉलम पिकांच्या क्रमांकाला आणि चौथी ओळ ताण्यांच्या क्रमांकाला ठेवा. जाड रेघांसाठी एकदाच कष्ट करा. बी५ ते आय१२ हा आठ बाय आठचा चौकोन निवडा, कंट्रोल १, 'बॉर्डर' टॅब, फिकट करडी सर्वांत बारीक रेघ घेऊन 'इनसाइड', मग मध्यम काळी रेघ घेऊन 'आउटलाइन'. तो चौकोन कॉपी करा, पूर्ण बी५ ते सीएस१०० निवडा आणि कंट्रोल, ऑल्ट, व्ही दाबून 'पेस्ट स्पेशल'मधून 'फॉरमॅट्स' घ्या. निवडलेला भाग आठच्या पटीत असल्यामुळे तोच चौकोन आडवा-उभा आपोआप पसरतो. ९६ ऐवजी १०० घेतलेत तर मात्र तो असा पसरणार नाही.

आता घरं बादलीने रंगवू नका. ताणा वर उचलायचा असेल तिथे १ टाइप करा आणि रंग नियमाला देऊ द्या. पूर्ण ग्राफ निवडून 'न्यू रूल', सूत्र =बी५=१, 'फिल' काळा. १ चा आकडा दिसू नये म्हणून कंट्रोल १, 'नंबर', 'कस्टम' आणि प्रकारात तीन अर्धविराम ;;; एवढंच. मजकूर लपतो, सेलमधला १ तसाच राहतो. एकदम बरीच घरं भरायची तर कंट्रोल धरून ती निवडा, १ टाइप करा आणि कंट्रोलसह एंटर दाबा.

हाताने दिलेला रंग मोजता येत नाही, १ मोजता येतो. उजवीकडे एक कॉलम मोकळा सोडून =काउंटइफ(बी५:सीएस५,१) लिहून खाली ओढा. कुठल्या पिकाला किती ताणे वर आहेत ते कळतं, आणि पंचिंगला, म्हणजे जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायला, देण्याआधी चुकलेली ओळ तिथेच सापडते. सलग आठ ताणे वर राहिले की खालच्या बाजूला बाणा (आडवा धागा) तेवढा मोकळा लोंबतो आणि वापरताना अडकतो. तेही नियमाने पकडता येईल : बी५ ते सीएल१०० निवडून =सम(बी५:आय५)=८ असा नियम, 'फिल' लाल. 'मॅनेज रूल्स'मध्ये तो काळ्याच्या वर ठेवा. सलग आठ जिथून सुरू होतात ते घर लाल होतं. निवड सीएलपर्यंतच ठेवा, कारण त्यापुढे आठ घरं शिल्लक राहत नाहीत आणि मोजणीचा कॉलम बेरजेत शिरतो.

प्रश्न : वर्गाच्या गुणपत्रकात ३५ च्या खालचे गुण लाल दाखवायचे आहेत. नियम दिला तर अजून न भरलेले सेलही लाल होतात. आणि इतर शिक्षकांनी पाठवलेले गुण पेस्ट केले की चौकटी बिघडतात. डाव्या कोपऱ्यातला सेल तिरका कापून एकीकडे 'विषय', दुसरीकडे 'नाव' कसं लिहायचं?
— शिक्षिका, विजापूर रोड

उत्तर : रिकामा सेल तुलनेत शून्य धरला जातो आणि शून्य ३५ पेक्षा कमीच. सूत्र असं द्या : =अँड(इझनंबर(डी५),डी५<३५). यात रिकामा सेल गळतो आणि 'गैरहजर' असा शब्द लिहिलेला सेलही. लाल गडद नको. फिकट गुलाबी भरून अक्षरं ठळक करा. पालकसभेला काळापांढरा कागद द्यायचा असेल तर रंग जाईल आणि ठळकपणा तेवढा उरेल.

पेस्ट करताना कंट्रोल व्ही वापरू नका. कंट्रोल, ऑल्ट, व्ही दाबा आणि 'व्हॅल्यूज' घ्या. नुसते आकडे येतात, तुमच्या चौकटी, रंग आणि नियम शाबूत राहतात. त्यांचा रंग हवा पण चौकटी नकोत, तर तिथेच 'ऑल एक्सेप्ट बॉर्डर्स' आहे. साध्या पेस्टने आणखी एक नुकसान होतं : नियमाचे तुकडे पडतात. 'मॅनेज रूल्स' उघडून वर 'धिस वर्कशीट' निवडा; तोच नियम दहा-बारा वेळा दिसला तर एक ठेवून बाकीचे काढा आणि त्याची 'अप्लाइज टू' कक्षा पुन्हा पूर्ण करा.

तिरक्या रेघेसाठी कंट्रोल १, 'बॉर्डर', नमुन्याच्या खालच्या कोपऱ्यातलं तिरकं बटण. वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी रेघ घ्या. सेलमध्ये आधी काही स्पेस आणि 'विषय', मग ऑल्ट एंटरने नवी ओळ आणि 'नाव'. ओळीची उंची वाढवा, नाहीतर अक्षरांवरून रेघ जाते. शाळेचं नाव मधोमध आणण्यासाठी मात्र सेल 'मर्ज' करू नका. त्या ओळीतले तक्त्याच्या रुंदीएवढे सेल निवडून 'अलाइनमेंट' टॅबमध्ये 'हॉरिझॉन्टल'ला 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' घ्या. दिसायला तेच, आणि पुढे सॉर्ट अडत नाही.

प्रश्न : युनिफॉर्म शिवतो. ज्यांचे पैसे आले नाहीत त्या बिलांना पिवळा रंग देतो. पिवळ्या रकमांची बेरीज कोणत्या फॉर्म्युल्याने होईल?
— गारमेंट उत्पादक

उत्तर : एक्सेलमध्ये रंग वाचून बेरीज करणारा साधा फॉर्म्युला नाही. आजचं काम भागवायचं तर मथळ्यावर फिल्टर लावा, बाण दाबून 'फिल्टर बाय कलर'मधून पिवळा निवडा आणि बेरजेच्या सेलमध्ये =सबटोटल(१०९,डी५:डी५००) लिहा. हा सेल यादीच्या वर ठेवा, नाहीतर फिल्टरमध्ये तोही लपू शकतो.

पण ही पद्धत सोडा. पिवळा म्हणजे येणं हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. दुकानातल्या दुसऱ्या माणसाला नाही, आणि संगणकाला तर मुळीच नाही. एफ कॉलमला 'जमा तारीख' नाव द्या. पैसे आले की तारीख लिहायची. मग नियम लिहा =अँड($बी५<>"",$एफ५="") आणि रंग पिवळा; तारीख लिहिताच पिवळा आपोआप जाईल. येणं बाकीची बेरीज =समइफ(एफ५:एफ५००,"",डी५:डी५००).

त्याच्यावर आणखी एक नियम ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करण्याची मर्यादा आहे. बिलाची तारीख बी कॉलममध्ये असेल तर : =अँड($बी५<>"",$एफ५="",टुडे()-$बी५>४५), रंग नारिंगी, आणि क्रम पिवळ्याच्या वर. मालाच्या स्वीकृतीची तारीख वेगळी लिहीत असाल तर बी ऐवजी तो कॉलम घ्या, कारण मुदत तिथून मोजतात. नियम चालत नसेल तर तारखा तपासा. ठिपके देऊन लिहिलेली ०५.०४.२०२५ अशी तारीख बहुतेक वेळा मजकूर म्हणून बसते आणि वजाबाकी होत नाही. खरी तारीख आपोआप उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो.

प्रश्न : सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या प्रिंटमध्ये भरलेलं एक पान आणि मागोमाग कोऱ्या चौकटींची कितीतरी पानं येतात. फाइलही जड झाली आहे.
— सचिव, होटगी रोड

उत्तर : पुढे लागतील म्हणून कुणीतरी हजार-दोन हजार ओळींपर्यंत चौकटी ओढून ठेवल्या आहेत. चौकट असलेला सेल रिकामा असला तरी एक्सेल तो छापतो. कंट्रोल एंड दाबा. कर्सर जिथे जाईल तिथपर्यंत शीट वापरलं आहे असं एक्सेल धरून चालतं. शेवटच्या खऱ्या नोंदीखालची ओळ निवडा, कंट्रोल शिफ्ट एंडने खालपर्यंत निवड करा, राइट क्लिक करून 'डिलीट', मग 'एंटायर रो', आणि फाइल सेव्ह करा. नुसती डिलीटची कळ दाबून मजकूर जातो, चौकट जात नाही.

पुढच्या नोंदींना चौकट आपोआप हवी तर ए५ ते जी५०० निवडून नियम द्या : =$बी५<>"", 'बॉर्डर'मध्ये 'आउटलाइन'. बी कॉलममध्ये काही लिहिलं की त्या ओळीला चौकट येते. छापण्यापूर्वी हवा तेवढा भाग निवडून 'पेज लेआउट'मध्ये 'प्रिंट एरिया', 'सेट प्रिंट एरिया' करा. यादी दोन पानांवर गेली तर 'प्रिंट टायटल्स'मध्ये 'रोज टु रिपीट ॲट टॉप'ला मथळ्याची ओळ द्या.

प्रश्न : मराठीत लिहिलं की उकार खालच्या रेघेत बुडतात आणि वेलांटीचा वरचा भाग कापला जातो.
— पतसंस्था कर्मचारी, नवी पेठ

उत्तर : ओळीची नेहमीची १५ पॉइंट उंची कॅलिब्री ११ च्या इंग्रजी अक्षरांना पुरते. कॅलिब्रीत देवनागरी नाही, म्हणून विंडोज ती अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून आणतं आणि ती जास्त उंच असतात. पूर्ण तक्त्याला सरळ निर्मला यूआय किंवा मंगल फॉन्ट द्या, ओळीची उंची २० ते २२ करा आणि 'मिडल अलाइन' घ्या. 'श्रू', 'र्की' असली अक्षरं असलेलं एखादं नाव लिहून प्रिंट काढून पाहा. ते नीट आलं की बाकीचं येतं. अक्षरं डाव्या उभ्या रेघेला चिकटत असतील तर 'अलाइनमेंट'मध्ये 'इंडेंट' १ ठेवा.

प्रश्न : हे सगळं गूगल शीट्समध्ये होतं का?
— अनेक वाचक

उत्तर : बहुतेक होतं. चौकटीच्या चिन्हातच रेघेचा रंग आणि जाडी निवडायची सोय आहे, आणि तिथेही आधी रंग-जाडी, मग कड हाच क्रम. संगणकावर ऑल्ट शिफ्ट ७ ने बाहेरची चौकट, ऑल्ट शिफ्ट ६ ने चौकट काढणं. एकाआड एक पट्ट्यांना 'फॉरमॅट' मेनूत 'ऑल्टरनेटिंग कलर्स' आहे. नियमांच्या सूत्रासाठी 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मध्ये 'कस्टम फॉर्म्युला इज' घ्या. वरची रंगाची सूत्रं तिथे चालतात, पण गूगल शीट्सचा नियम रंग आणि अक्षरांचं रूप एवढंच बदलतो, बॉर्डर ओढत नाही. त्यामुळे पार्टी बदलली की रेघ हवी, तर तिथे त्या ओळीला फिकट रंग देऊन भागवावं लागतं. छपाईतही फरक आहे : 'प्रिंट'च्या पानावर 'फॉरमॅटिंग'खाली 'शो ग्रिडलाइन्स'वर टिक आधीच असते. स्वतःच्या चौकटी ओढल्या असतील तर ती काढा.